कॅनडाची ‘शांतिसैनिकांचा देश’ ही ओळख आज कितपत खरी?

प्रश्न : जिज्ञासू वाचक

महासत्ता नव्हे, पण दुबळाही नव्हे, अशा मधल्या ताकदीच्या देशाने जगात काय करावे, याचे उदाहरण म्हणून कॅनडाचे नाव नेहमी घेतले जाते. ओटावात 1992 साली शांतिसैनिकांचे भव्य स्मारकही उभारले गेले. 1993च्या सुमारास संयुक्त राष्ट्रसंघाच्या मोहिमांत कॅनडाचे तीन हजारांहून अधिक सैनिक होते. अलीकडच्या काळात मात्र हा आकडा शंभराच्याही खाली गेला. मग ही ओळख केवळ जुन्या पुण्याईवर टिकून आहे का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद 1 : इतिहासप्रेमी

ही पुण्याई नेमकी कशी जमा झाली, ते आधी पाहायला हवे. 1956च्या सुएझ संकटात, म्हणजे इजिप्तने सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केल्यावर इस्रायल, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी त्याच्यावर हल्ला केला तेव्हा, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी सुरक्षा परिषदेत नकाराधिकार वापरल्याने विषय आमसभेकडे गेला, आणि तेथे कॅनडाचे परराष्ट्रमंत्री लेस्टर पिअरसन यांनी इजिप्तमध्ये युद्धविरामावर देखरेख ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय सेनेचा प्रस्ताव मांडला. 4 नोव्हेंबरला तो एकही विरोधी मत न पडता संमत झाला आणि पुढच्या वर्षी पिअरसन यांना शांततेचे नोबेल मिळाले. सेनेचे पहिले प्रमुख जनरल बर्न्स हेही कॅनडाचेच होते.

परंतु कॅनडाने पाठवायला काढलेली पायदळाची पलटण इजिप्तने नाकारली. तिचे नाव होते ‘क्वीन्स ओन रायफल्स’, आणि गणवेशही ब्रिटिशांसारखाच! ज्या ब्रिटिश फौजा नुकत्याच चालून आल्या होत्या, त्यांच्यासारखेच दिसणारे सैनिक लोकांना कसे चालणार? अखेर कॅनडाने संदेशवहन, वाहतूक, अभियांत्रिकी आणि रसदपुरवठ्याची पथके दिली. माझ्या मते कॅनडाचे खरे योगदान येथेच दिसते, कारण अनेक देशांतून आलेल्या तुकड्यांना एक सेना म्हणून चालवणारी ही यंत्रणा फार थोड्या देशांकडे होती.

प्रतिसाद 2 : सीमेवरून

वरील माहितीला दुसरी बाजू जोडतो. यजमान देशाची संमती हाच अशा सेनेचा पाया असतो आणि तीच तिची मर्यादाही. मे 1967 मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी ही सेना हटवण्यास सांगितले. कॅनडाच्या तुकडीला तर तातडीने निघावे लागले. याच सेनेतील भारतीय तुकडी गाझात असतानाच जूनमध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले आणि आपले जवान त्यात मारले गेले. हे बलिदान आपल्याकडे जवळजवळ विस्मरणात गेले आहे, याचे मनापासून वाईट वाटते.

नव्वदच्या दशकाने कॅनडाला हादरवले. 1993 मध्ये सोमालियात कॅनडाच्या हवाई छत्रीधारी सैनिकांनी एका किशोरवयीन मुलाचा छळ करून जीव घेतला आणि 1995 मध्ये ती पलटणच बरखास्त झाली. रवांडात संयुक्त राष्ट्रसंघाच्या सेनेचे कॅनेडियन प्रमुख जनरल डॅलेअर यांनी अधिक सैन्य मागितले असताना, नरसंहार चालू असतानाच सुरक्षा परिषदेने एप्रिल 1994 मध्ये त्यांची सेना सुमारे 270 जणांवर आणण्याचा ठराव केला. त्यांनी त्याहून अधिक सैनिक मागे ठेवून हजारोंना आसरा दिला, पण कत्तल थांबवण्याइतके बळ त्यांच्याकडे नव्हते. ती नामुष्की डॅलेअर यांची नसून, बळ असूनही ते न देणाऱ्या देशांची आहे.

प्रतिसाद 3 : इतिहासप्रेमी

सहमत. म्हणूनच केवळ सैनिकांची संख्या मोजून मूळ प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही. 2018-19 मध्ये कॅनडाने मालीतील गाओ येथे संयुक्त राष्ट्रसंघाच्या मोहिमेसाठी हेलिकॉप्टरे ठेवली आणि वाळवंटात जखमी झालेल्यांना रुग्णालयापर्यंत पोहोचवण्याची सोय केली. सैनिक थोडे असूनही हे काम मोठे होते, कारण वेळेत उपचार मिळणार ही खात्री नसेल, तर दूरच्या ठाण्यावर तुकडी पाठवायला कोणताही देश कचरतो. खेद इतकाच वाटतो, की त्याची जागा घेणारे रुमानियाचे पथक पूर्ण सज्ज होण्याआधीच कॅनडाने हे काम आटोपते घेतले. सायप्रसमध्ये याच देशाने 1964 पासून 1993 पर्यंत पलटण तैनात ठेवली होती; मालीत रुमानियाचे पथक सज्ज होईपर्यंतही त्याला थांबता आले नाही. त्यामुळे ही ओळख आज अर्धीच खरी आहे, असे मी म्हणेन: कौशल्य शिल्लक आहे, चिकाटी राहिलेली नाही. जून 2020 मध्ये सुरक्षा परिषदेच्या अस्थायी जागेसाठीच्या निवडणुकीत नॉर्वे आणि आयर्लंड यांच्यापुढे कॅनडा हरला, त्याची कारणे अनेक असतील. पण मते मागताना मोहिमांवर दाखवण्याजोगे सैनिक फारसे नव्हते, हे त्यांपैकी एक असावे असे मला वाटते.