फिजीचं जंगल आणि कार्बन क्रेडिट: सगळंच थोतांड म्हणून मोकळं व्हायचं का?

दर्यावर्दी
परवा 'स्पष्टवक्ता' यांनी लिहिलं की कार्बन क्रेडिट (झाडं राखून किंवा धूर कमी करून वाचवलेल्या कार्बनची विकता येणारी पावती) म्हणजे श्रीमंत देशांचं पापक्षालन आहे, आणि फिजीसारखी बेटं चार डॉलरसाठी आपली जंगलं गहाण टाकून त्याला शाश्वत विकास म्हणतात. त्याखाली भराभर 'सहमत' पडले. मला राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

गहाण कोणी टाकलं? फिजीतली सुमारे ८७ टक्के जमीन मूळ रहिवाशांच्या 'मतांगाली'च्या, म्हणजे भावकीच्या, नावावर आहे. ती विकता येत नाही, फक्त पट्ट्याने, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाड्याने, देता येते. वानुआ लेवू बेटावर द्रावा नावाचा जंगलपट्टा आहे. तिथल्या भावक्यांपुढे दोन रस्ते होते: लाकूडतोड कंपनीला झाडं देऊन रॉयल्टी घ्यायची, किंवा झाडं ठेवायची आणि पैसा दुसरीकडून उभा करायचा. त्यांनी सहकारी संस्था काढली, जंगल राखीव केलं आणि न तोडलेल्या झाडांची क्रेडिट विकायला सुरुवात केली. जोडीला मधाचा धंदा, त्यात गावातल्या बायका. यात भीक कुठे आली?

जगाच्या एकूण उत्सर्जनात फिजीचा वाटा टक्क्याचा शंभरावा भागही नाही. हवामानाचा पॅरिस करार मंजूर करणारा पहिला देश तोच, आणि २०१७ च्या बॉन हवामान परिषदेचं अध्यक्षपदही त्याच्याकडेच होतं. वानुआ लेवूवरचंच वुनिदोगोलोआ गाव २०१४ मध्ये समुद्र आत आल्यामुळे उचलून वर न्यावं लागलं. या लोकांना आपण मुंबई-पुण्यात बसून सांगायचं की झाडांचे पैसे घेऊ नका, ते अनैतिक आहे?

स्पष्टवक्ता
माझं अर्धंच वाक्य उचललंत. द्रावाच्या बायकांच्या मधावर मी एक अक्षर लिहिलेलं नाही. माझा राग विकत घेणाऱ्यावर आहे. विमान कंपनी तिकिटावर 'कार्बन न्यूट्रल' छापते आणि धूर तेवढाच सोडते. त्या धुराने समुद्र चढतो आणि वुनिदोगोलोआ बुडतं. म्हणजे ज्याने घर बुडवलं त्याच्याकडूनच झाडं राखायचे पैसे घ्यायचे, आणि वर त्याला पावती द्यायची की तुझा हिशेब चुकता झाला. ही पावती मला खुपते.

आणि आकडे बघा. २०२१ मध्ये जागतिक बँकेच्या निधीशी फिजीने करार केला: २५ लाख टन उत्सर्जन कमी केलं तर जास्तीत जास्त सव्वा कोट डॉलर. टनाला ५ डॉलर! देशाची लोकसंख्या नऊ लाखांच्या आसपास, म्हणजे माणशी १४ डॉलरही नाहीत. २०१६ च्या विन्स्टन वादळात ४४ माणसं गेली आणि नुकसान झालं सुमारे २ अब्ज फिजी डॉलरचं. म्हणजे हा सगळा करार त्या एका वादळाच्या दीड टक्क्याच्या आतबाहेर. याला विकास म्हणायचं असेल तर म्हणा.

काटेकोर
मी अशा प्रकल्पांच्या पडताळणीचं काम केलं आहे (फिजीत नाही, भारतात). दोघांनाही एक सांगतो: भांडण बेसलाइनचं आहे. 'प्रकल्प नसता तर काय झालं असतं' हा आकडा कागदावर लिहावा लागतो आणि तो कोणालाच मोजता येत नाही. जंगल कधी तुटणारच नव्हतं, तर ते राखल्याचं क्रेडिट हवेतलं. ज्याला क्रेडिट विकायचीत त्यानेच बेसलाइन मांडायची आणि त्याच्याच पैशाने आमच्यासारख्यांनी ती तपासायची. माझ्यासमोर अशा फाइली आल्या आहेत ज्यांत पडीक रानही उद्या तुटणार असं दाखवलं होतं. शेरे मारले की पुढचं काम दुसऱ्या संस्थेला. २०२३ च्या जानेवारीत युरोपातल्या पत्रकारांनी क्रेडिट प्रमाणित करणाऱ्या 'व्हेरा' संस्थेच्या वर्षावनांच्या क्रेडिटपैकी ९० टक्क्यांहून जास्त पोकळ असल्याचा दावा छापला. व्हेराने ती पद्धत अमान्य केली, पण बाजाराचा विश्वास उडाला तो उडालाच.

फिजीला हा अनुभव नवा नाही. क्योटो हवामान कराराच्या सीडीएममध्ये, म्हणजे विकसनशील देशांतल्या प्रकल्पांची क्रेडिट श्रीमंत देशांनी घ्यायच्या योजनेत, वातुरू आणि वाइनिकासौचे जलविद्युत प्रकल्प अगदी सुरुवातीला नोंदले गेले होते. राजधानी सुवाजवळच्या किनोयाच्या सांडपाणी केंद्रातला मिथेनही आशियाई विकास बँकेच्या मदतीने त्यात गेला. पुढे भाव कोसळले. २००८ मध्ये २० युरोच्या वर गेलेलं क्रेडिट २०१२ संपेपर्यंत एका युरोच्या खाली आलं. युरोपने नव्या प्रकल्पांसाठी दार फक्त अतिअविकसित देशांपुरतं ठेवलं, आणि फिजी त्या यादीत नाही. आपल्या धुळे-साताऱ्याच्या पवनचक्कीवाल्यांनीही तीच पडझड पाहिली, पण त्यांची वीज तरी विकली जात होती. न तोडलेल्या झाडाला दुसरं गिऱ्हाईक नसतं.

दर्यावर्दी
काटेकोर, बेसलाइनचा मुद्दा मान्य. पण द्रावा कोट्यवधी टनांचा प्रकल्प नाही. लहान आहे, गावपातळीच्या प्रकल्पांसाठी असलेल्या प्लॅन व्हिवो मानकाखाली आहे आणि निर्णय जमीनमालकांचा आहे. तुमच्या फाइलींमध्ये गाव सही करायला कधी बसलं होतं का?

काटेकोर
क्वचित. बहुतेक वेळा ग्रामसभेचा ठराव आधीच टाइप केलेला असायचा.

लाबासाची सून
'निर्णय जमीनमालकांचा' हे वाक्य किती सहज लिहिलंत दर्यावर्दी! मी पुण्याची, आता ऑकलंडला. सासरची माणसं लाबासाची. लाबासा त्याच वानुआ लेवूवर आहे, जिथे तुमचं द्रावा आहे. सासऱ्यांचे आजोबा गिरमिटात, म्हणजे मजुरीच्या करारावर, भारतातून फिजीला गेले. १८७९ ते १९१६ मध्ये साठ हजारांवर माणसं अशी नेली गेली. ऊस त्यांनी लावला, साखर कारखाने त्यांच्या घामावर चालले. जमीन मात्र पट्ट्याची. १९७६ च्या कायद्याने ३० वर्षांचे पट्टे मिळाले आणि १९९७ पासून ते संपायला लागले. सासऱ्यांचा पट्टा वाढवून मिळाला नाही. स्वतः बांधलेल्या घराचे पत्रे आणि लाकूड उतरवून ट्रकवर घातलं आणि सुवा-नौसोरी रस्त्याकडेच्या वस्तीत येऊन राहिले. ऊस उभा होता शेतात. त्या घराचा विषय निघाला की ते आजही जेवणावरून उठतात.

आता जंगलाचे पैसे येणार ते कोणाला? ज्याचं नाव भावकीत आहे त्याला. चार पिढ्या ज्याने ती माती कसली त्याचा त्यात नवा पैसा नाही. मला क्रेडिट खोटं की खरं याच्याशी घेणं नाही. विकास कोणाचा, एवढं सांगा.

खोतांचा वाडा
ताई, तुमच्या सासऱ्यांबद्दल वाईट वाटलं. पण दुसरी बाजूही ऐका. फिजीने जमीन मालकाकडे ठेवली म्हणून आज त्या लोकांकडे विकायला काहीतरी आहे. आमच्याकडे काय झालं? १९४८ चा कुळकायदा, मग १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन, आणि एका तारखेत कसणारा मालक झाला. आजोबा गेल्यावर आजीच्या नावावर घर आणि चार माड उरले. ज्या कुळांना जमीन गेली त्यांच्या नातवांनी ती कलमांच्या बागा तोडून बिल्डरला विकली. जंगल राखायचं तर मालकी पक्की हवी, हे फिजीवाल्यांना कळलं.

रानवाट
अरे वा. आता गिरमिटियांच्या घराच्या आडून खोती परत आणायची का? माझे पणजोबा तुमच्यासारख्याच एका खोताचे कूळ होते. अर्धं भात वाड्यावर पोचवल्याशिवाय घरात चूल पेटायची नाही. जमीन नावावर झाली म्हणून माझी आजी सातवीपर्यंत शिकली आणि मी आज इथे लिहू शकते. आमची एक गुंठाही बिल्डरला गेलेली नाही. काजू आहे, या बघायला.

खोतांचा वाडा
तुमच्या घरचं मला माहीत नाही, माझ्या गावचं सांगतोय. वैयक्तिक घेऊ नका.

रानवाट
पणजोबांच्या भातावर बोललात की ते वैयक्तिकच असतं.

स्पष्टवक्ता
धागा फिजीचा आहे की रत्नागिरीचा?

लाबासाची सून
तोच प्रश्न आहे, म्हणून चालू द्या. आणि वाडेवाले, एक लक्षात घ्या: फिजीतली भावकी म्हणजे तुमचे खोत नव्हेत. तिथे कूळही गरीब आणि मालकही गरीब. पट्ट्याची रक्कम जमीन मंडळाकडे जमा व्हायची, मंडळ आपला वाटा कापायचं, मग मुखियांचे ठरलेले हिस्से आणि उरलेलं सगळ्या भावकीत. २०११ पासून मुखियांचे हिस्से बंद होऊन समान वाटप सुरू झालं. सासऱ्यांच्या मालकाच्या घरीसुद्धा वीज नव्हती. पट्टा संपल्यावर त्या जमिनीवर त्याने काही पिकवलं नाही, ती रान होऊन पडली. दोघंही बुडाले. १९८७ आणि २००० च्या उठावांत हाच राग पेटवून दुसऱ्यांनी खुर्च्या मिळवल्या. २००० च्या उठावाचा म्होरक्या जॉर्ज स्पाइट हा सरकारी महोगनी कंपनीचा हकालपट्टी झालेला अध्यक्ष होता. जंगलाचा पैसा त्या देशात कधीच साधा नव्हता.

दर्यावर्दी
महोगनीचं मी मांडायला हवं होतं, ते तुम्ही मांडलंत हे बरं झालं. पण ताई, एक फरक आहे. द्रावा हे डोंगरातलं मूळ जंगल आहे, तिथे उसाचे पट्टे नव्हते. तिथून कोणी गिरमिटिया उठवला गेला नाही. तुमच्या सासऱ्यांवर झालेला अन्याय खरा आहे, पण त्याची भरपाई डोंगरातल्या भावकीने आपलं जंगल लाकूडवाल्याला देऊन करायची का?

लाबासाची सून
द्रावापुरतं बरोबर आहे. पण २०२१ चा जो करार स्पष्टवक्त्यांनी सांगितला, तो एका डोंगराचा नाही. त्यात विती लेवू, वानुआ लेवू आणि तावेउनी तिन्ही बेटं येतात. त्याच वर्षीच्या हवामान कायद्याने जमिनीत आणि झाडांत साठणाऱ्या कार्बनचा हक्क ही वेगळी मालमत्ता ठरवली. उद्या पडीक उसाच्या रानात झाडं लावून क्रेडिट घेणं सोपं वाटलं, तर उरलेले पट्टे कोण वाढवून देईल? ऊसवाल्या कुळाला त्या टेबलावर खुर्ची नाही. तुमच्या 'गावाचा निर्णय' या शब्दांत ती माणसं मोजलेलीच नाहीत.

काटेकोर
हा मुद्दा मी एकाही प्रकल्प अहवालात नीट लिहिलेला पाहिला नाही. 'भागधारकांशी चर्चा' या प्रकरणात मालक असतात, सरकारी खातं असतं, संस्था असते. पट्टेदार असलाच तर परिशिष्टात.

आणखी एक, दर्यावर्दींसाठी. विन्स्टनसारखं वादळ द्रावावरून गेलं तर साठवलेला कार्बन जमिनीवर आडवा होतो. त्यासाठी काही क्रेडिट न विकता बाजूला ठेवतात. पण समुद्र तापतोय, वादळं तीव्र होताहेत, आणि शेकडो वर्षं हवेत राहणाऱ्या धुराच्या बदल्यात आपण वादळाच्या वाटेतलं झाड तारण दिलंय.

स्पष्टवक्ता
हेच म्हणत होतो पहिल्यापासून.

दर्यावर्दी
नाही, तुम्ही 'थोतांड' म्हणत होतात. काटेकोर म्हणताहेत की विमान कंपनीला या झाडाच्या नावावर धूर माफ करू नका. ते मलाही मान्य. पण मग पैसा द्या ना, पावती न मागता! जंगल राखल्याबद्दल द्या, उत्सर्जन फिटल्याबद्दल देऊ नका. व्हानुआतूने पुढाकार घेतला आणि जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की हवामानाचं रक्षण हे राष्ट्रांचं कायदेशीर कर्तव्य आहे, ते मोडलं तर भरपाईचा प्रश्न येतो. ती भरपाई ज्या दिवशी येईल त्या दिवशी मी स्वतः म्हणेन की क्रेडिट बंद करा. तोपर्यंत द्रावाच्या माणसाने शाळेची फी कशातून भरायची? लाकूडतोडवाला रोख पैसे घेऊन उभा आहे.

स्पष्टवक्ता
बरं. 'जंगल गहाण टाकलं' हे द्रावाला लागू नाही, तेवढं मागे घेतो. फक्त द्रावा. टनाला ५ डॉलरवाला सरकारी करार, विमानवाल्यांची पावती आणि पट्टेदाराला न विचारता ठरलेला कार्बन हक्क, या तिन्हींवर माझं मत तेच आहे, आणि त्यावर अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.

रानवाट
पट्टेदाराचं उत्तर दर्यावर्दींकडून मलाही हवंय. डोंगरात पट्टे नव्हते हे पुन्हा सांगू नका, सपाटीवरचं सांगा.