नेटकॉन्फने ओके येतंय पण जुना एनटीपी सर्व्हर जात नाहीये

सांगली_नेटवर्क:
नमस्कार मंडळी, आमच्याकडे ज्युनिपरचे ३८ राउटर आहेत, आत्तापर्यंत एकेकावर लॉगिन करून बदल करायचो, आता पायथनमध्ये एनसीक्लायंट ही लायब्ररी घेऊन नेटकॉन्फने (प्रोग्राममधून दुरून राउटरची सेटिंग बदलायचा प्रोटोकॉल) करायला लागलोय. काम एवढंच की एनटीपीचा (राउटरचं घड्याळ जुळवणारा) नवा सर्व्हर टाकायचा आणि जुना काढायचा. एक्सएमएलमध्ये नवा पत्ता लिहिला, एडिट-कॉन्फिग (सेटिंग बदलायची आज्ञा) पाठवलं, ओके आलं, कमिटही झालं म्हणजे बदल लागू झाला, आणि राउटरवर बघतो तर दोन्ही सर्व्हर! मग जुन्यावर डिलीट लावलं तर एका राउटरवर तो आधीच नव्हता आणि स्क्रिप्ट एरर देऊन तिथेच थांबली. सरळ रिप्लेस लावू का?

रात्रपाळी_राउटर:
रिप्लेस घाईत नका लावू प्लीज. एडिट-कॉन्फिग मुळात मर्ज करतं, म्हणजे दिलंय ते भरायचं आणि बाकीच्याला हात लावायचा नाही, म्हणून जुना तसाच राहिला. रिप्लेस मात्र ज्या टॅगवर लावाल त्याच्या पोटातलं सगळं काढून तुम्ही दिलंय तेवढंच ठेवतं. मी एकदा इंटरफेसेस टॅगवर लावलं, आत एकच पोर्ट लिहिलेला, कमिट केल्यावर बाकीचे सगळे पोर्ट गेले आणि मी ज्यावरून आत होतो तोही गेला, रात्री दीड वाजता गाडी काढून कन्सोल केबल लावायला जावं लागलं. डिलीटच बरोबर आहे, पण ते सर्व्हर टॅगवर लावा, त्याच्या आत नेममध्ये जुना पत्ता. एनटीपी टॅगवर लावलंत तर अख्खं एनटीपी जाईल. टॅगची रचना बघायची तर राउटरवर शो कॉन्फिगरेशन सिस्टिम एनटीपी, पुढे पाइप टाकून डिस्प्ले एक्सएमएल.

पोर्ट_८३०:
वरचं बरोबर. तो एरर 'स्टेटमेंट नॉट फाउंड' असेल, तर ती नुसती वॉर्निंग आहे, पण एनसीक्लायंट डिफॉल्टमध्ये वॉर्निंगवरही एक्सेप्शन फेकतं, म्हणून स्क्रिप्ट थांबते. मी आधी गेट-कॉन्फिगला (सेटिंग वाचायची आज्ञा) फिल्टर लावून फक्त एनटीपी वाचतो आणि जुना पत्ता सापडला तरच डिलीट पाठवतो. आणि ३८ राउटरवर जाताय तर कन्फर्म्ड कमिट कराच, डिफॉल्ट ६०० सेकंद मिळतात, तेवढ्यात दुसरं कमिट गेलं नाही तर राउटर आपणहून जुन्या कॉन्फिगवर येतो, म्हणजे लिंक तुटली तरी दहा मिनिटांत परत आत. सुरुवातीला कँडिडेटला (कमिटआधी बदल जमा होतात ती कॉन्फिगची प्रत) लॉक घ्यायला विसरू नका, कँडिडेट सगळ्यांचा एकच असतो, दुसऱ्या कोणी अर्धवट बदल करून ठेवले असतील तर तुमच्या कमिटबरोबर तेही लागू होतात.

सांगली_नेटवर्क:
खूप आभार दोघांचे! आधी ५ राउटर घेतले, चारवर जुना गेला, नवा सिंक झाला. पाचव्यावर लॉकच मिळेना, आत जाऊन शो पाइप कंपेअर केलं तर कुणीतरी फायरवॉल फिल्टरमध्ये बदल करून कमिट न करता ठेवलेत. कोणाचे आहेत ते विचारतोय, तोपर्यंत त्याला हात लावत नाही.