पॅरासेल्ससला विषविज्ञानाचा जनक म्हणणं बरोबर आहे का?

रसवल्ली

विषविज्ञानाच्या पहिल्याच तासाला सोळाव्या शतकातला स्विस वैद्य पॅरासेल्सस याचं वाक्य हमखास येतं: सगळंच विष आहे, विष नाही असं काहीच नाही, एखादी वस्तू विष ठरत नाही ती केवळ मात्रेमुळे. एवढ्या आधारावर त्याला या शास्त्राचा जनक ठरवणं मला पटत नाही.

हे वाक्य 1538 च्या 'सात बचाव' या पुस्तकातलं. पारा, अँटिमनी (एक विषारी धातू) देऊन हा रोग्यांना विष चारतो, असा इतर वैद्यांचा आरोप होता. त्याला दिलेलं हे उत्तर आहे. किती वजन, किती दिवस, कोणत्या प्रकृतीला, असं मोजमाप त्यात नाही. अन्नातलं विष आपल्याला का बाधत नाही, याचं त्याचं स्पष्टीकरणही वेगळंच आहे. पोटात 'आर्किअस' नावाचा किमयागार बसलाय, तो पोषक भाग वेगळा काढतो आणि विष बाहेर टाकतो. तो कमी पडला की रोग.

शिवाय त्याच्या मते शरीराचे अवयव ग्रहांशी जोडलेले: हृदय सूर्याचं, मेंदू चंद्राचा, यकृत गुरूचं. हायपेरिकम या वनस्पतीच्या पानांना भोकं दिसतात, म्हणून ती जखमेवर चालते. यातलं सोयीचं एक वाक्य उचलायचं आणि बाकीचं झाकून ठेवायचं, हा अन्याय आहे. त्याच्यावरही आणि इतिहासावरही.

खाणवाट

साफ असहमत. वाक्य बाजूला ठेवा आणि खाणकामगारांच्या रोगावरचं त्याचं पुस्तक घ्या. तो गेला 1541 मध्ये, पुस्तक छापलं गेलं 1567 मध्ये. त्याचे तीन भाग आहेत: पहिला खाणीत खोदणाऱ्यांचा, दुसरा भट्टीवर धातू वितळवणाऱ्यांचा, तिसरा पाऱ्यात काम करणाऱ्यांचा. एका धंद्याच्या माणसांचे रोग कामाच्या जागेनुसार वेगळे काढून लिहिलेलं त्याआधीचं असं पुस्तक दाखवा. रोगाचं कारण त्याने पाप किंवा डोंगरातली भुतं असं दिलं नाही, श्वासातून जाणारी खनिजांची वाफ असं दिलं. दारूच्या पिंपाला आतून जसा खडा धरतो, तसा तो थर फुप्फुसात बसतो. एका दमात घेतलेलं विष आणि वर्षानुवर्षं थोडं थोडं साचलेलं विष वेगवेगळे परिणाम करतात, हेही त्याच्याकडे आहे. मात्रेचा विचार याहून वेगळा काय असतो?

दुसरं, उपदंश (सिफिलिस). तेव्हा दोन उपचार चालायचे. एक, अंगाला पाऱ्याचं मलम चोळायचं, रोग्याला तापलेल्या खोलीत कोंडायचं आणि तोंडातून लाळेची धार लागली की औषध लागू पडलं म्हणायचं. दात हलायचे, हिरड्या सडायच्या. दुसरा, अमेरिकेतून येणारं ग्वायकम लाकूड. स्वतः या रोगाने पछाडलेला जर्मन लेखक उलरिक फॉन हुटेन याने 1519 मध्ये त्याची कृती लिहिली: एक पौंड लाकडाचा भुसा आठ पौंड पाण्यात दिवसभर भिजवायचा, मंद आचेवर निम्मं पाणी उरेपर्यंत आटवायचा, वर येणारा फेस व्रणांना लावायचा आणि जवळजवळ उपाशी राहून काढा प्यायचा. हुटेन 1523 मध्ये त्याच रोगाने गेला. पॅरासेल्ससने हे लाकूड निरुपयोगी आहे असं स्पष्ट लिहिलं, आणि पाराही असा बेहिशेबी चोळू नका, शुद्ध करून तोलून द्या असं सांगितलं. लाइपझिग विद्यापीठाच्या वैद्यक विभागाने हरकत घेतली आणि न्यूरेंबर्गच्या नगरसभेने 1530 मध्ये त्याच्या या लिखाणाची पुढची छपाई थांबवली.

पोथीशोध

तुम्हा दोघांचंही एक चुकतंय. किमया आणि रसायन अशी फाळणी आपण करतो, त्याने कधी केली नाही. खाणवाट, ज्या पुस्तकाचा तुम्ही दाखला देता, त्यातच लिहिलंय की जमिनीखालीही एक आकाश आहे. वरच्या माणसाला वरच्या नक्षत्रांमुळे फुप्फुसाचा रोग होतो, खाणीतल्याला खालच्या खनिजरूपी नक्षत्रांमुळे. वाफेचा विचार त्याला या सूक्ष्म-विराट जुळणीतूनच, म्हणजे माणूस हा विश्वाचीच छोटी प्रतिकृती या कल्पनेतूनच सुचला. नक्षत्रं काढून टाकलीत तर वाफ तरी कुठे उरते?

प्रत्येक वस्तू गंधक, पारा आणि मीठ यांची बनते, या त्याच्या तीन तत्त्वांचंही तेच. लाकूड जाळा: जळतं ते गंधक, धूर होतो तो पारा, राख उरते ते मीठ. बाजारात मिळतो तो गंधक किंवा पारा इथे अभिप्रेत नाही. जळणं, उडणं आणि टिकणं हे तीन स्वभाव आहेत. पण यामुळेच वैद्याचं काम बदललं. मिश्रण ढवळत बसण्यापेक्षा वस्तू आगीवर ठेवून तिचे भाग वेगळे काढा, निरुपयोगी ते फेका, असं तो सांगतो. ऊर्ध्वपातनाची भांडी औषधाच्या दुकानात येण्यामागे हाच विचार आहे.

आणि जादूच्या नावाखाली जे त्याच्या माथी मारलं जातं, त्यातलं बरंच त्याचं नाहीच. हत्याराला लावायचं मलम घ्या. कवटीवरचं शेवाळ, माणसाची चरबी, 'मुमिया' (ममीचा चुरा), रक्त, जवसाचं तेल असं कालवून ते जखम करणाऱ्या तलवारीला लावायचं. जखम फक्त धुऊन स्वच्छ कापडाने बांधायची. ही कृती ज्या 'आर्किडॉक्सिस मॅजिका'त आहे, तो ग्रंथ त्याच्या नावावर नंतर खपवलेला आहे. रोगी बरे व्हायचे ते खरंच. कारण उकळतं तेल आणि घाणेरडे लेप तलवारीवर गेले, जखमेत गेले नाहीत. कुपीत कृत्रिम माणूस घडवण्याची कृतीही (वीर्य 40 दिवस घोड्याच्या लिदीच्या उबेत ठेवायचं, मग 40 आठवडे मानवी रक्ताच्या अर्कावर पोसायचं) अशाच वादग्रस्त ग्रंथातली आहे.

रसवल्ली

जमिनीखालच्या आकाशाचा मुद्दा मान्य, आणि तो माझ्याच बाजूचा आहे. निष्कर्ष बरोबर आला म्हणून रीत बरोबर ठरत नाही. त्याच रीतीने त्याने हायपेरिकमच्या भोकांवरूनही निष्कर्ष काढला. दोन्हींतला फरक ओळखायची कसोटी त्याच्याकडे नव्हती.

खाणवाट

कसोटी होती: रोगी. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात 1527 साली नगरवैद्य झाल्यावर त्याने लॅटिन सोडून जर्मनमध्ये व्याख्यानं दिली. अनुभवाने सिद्ध झालेलं शिकवीन, असं जाहीर केलं आणि सेंट जॉनच्या सणाच्या होळीत वैद्यकाचा जुना प्रमाणग्रंथ टाकला. पुढच्याच वर्षी त्याला शहर सोडून पळावं लागलं. शस्त्रक्रियेवरच्या 1536 च्या ग्रंथात तो सांगतो की जखम निसर्गच भरून काढतो, वैद्याने ती राखायची. नक्षत्रांवरून हे निघत नाही, छावणीत जखमी बघून निघतं.

काष्ठौषधी

एक भर. याच शतकात आपल्याकडेही हाच उपदंश, हाच पारा. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात 'फिरंग' नावाने तो येतो आणि रसकर्पूर (पाऱ्याचं औषध) गव्हाच्या कणकेच्या गोळीत भरून, दाताला न लागू देता गिळायला सांगितलाय. कारण तेच, पारा तोंड आणतो. त्याच ग्रंथात या रोगावर चोपचिनी ही मुळी आहे, आणि तिच्यावर पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्तानेही गोव्यात 1563 साली छापलेल्या ग्रंथात लिहिलं. म्हणजे पारा जपून द्यायला हवा, हे कळायला ना आर्किअस लागला ना बाझेलची होळी. ज्यांनी रोज तो दिला, त्यांना रोग्याच्या हिरड्यांनीच ते शिकवलं.

पोथीशोध

हे पटलं. पण कणकेची गोळी दात वाचवते, पोटात गेलेल्या पाऱ्याचं काय होतं ते सांगत नाही. पॅरासेल्सस नेमका तोच प्रश्न विचारत होता, आणि त्याचं उत्तर देण्यासाठीच त्याला आर्किअस लागला. ऑस्ट्रियातल्या कॅरिंथिया प्रांताच्या प्रतिनिधी सभेने 'सात बचाव' छापायचं वचन 1538 मध्ये दिलं आणि पाळलं नाही. म्हणून ज्या वाक्यावर आपण भांडतोय ते त्याला छापलेलं कधी पाहायला मिळालं नाही.