तीन वर्षांची बंदी पोराला, कोच मात्र नव्या बॅचला शिकवतोय

थोरला

परवा इथं एक पोस्ट आली आणि तिच्यावर लाइकचा पाऊस पडला. म्हणणं थोडक्यात असं : विद्यापीठ स्पर्धेत डोपिंगमध्ये सापडला की खेळाडू आयुष्यभर बाहेर, क्रीडा कोट्यातला प्रवेश रद्द, आणि 'मला माहीत नव्हतं' हे कुणाचंही ऐकून घ्यायचं नाही. खाली उत्तर लिहायला बसलो, ते एवढं वाढलं की वेगळा धागा काढतोय.

माझा धाकटा भाऊ गोळाफेक करायचा. एकोणीस वर्षांचा होता. खांदा धरला होता म्हणून कोचनं इंजेक्शन दिलं, म्हणाला ताकदीचं आहे, सगळेच घेतात. अँप्यूलवरचं लेबल नखानं खरवडलेलं होतं. हे भावानं तेव्हाच पाहिलं होतं, मला सांगितलं नंतर. मग विचारलं का नाहीस? हॉस्टेलची खोली, मेसचं जेवण, संघातली निवड, सगळं त्या एकाच माणसाच्या हातात. त्याला काय विचारणार?

स्पर्धेत नाडानं, म्हणजे राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेनं, लघवीचा नमुना घेतला. स्टॅनोझोलॉल निघालं, बंदी असलेलं स्टेरॉइड. नोटीस इंग्रजीत, ईमेलवर. तो फोन माझ्यासमोर धरून उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, यातलं 'इनएलिजिबिलिटी' म्हणजे बाद का?" चार वर्षं बाद. वीस दिवसांत कबुली देऊन सही केली तर एक वर्ष कमी होतं. बी बाटली, म्हणजे त्याच नमुन्याचा फेरतपासणीसाठी राखलेला भाग, उघडायचे पैसे आपणच भरायचे, वकील लावायचा तर त्याचे वेगळे. आमच्याकडे दोन्ही नव्हते. सही केली. तीन वर्षं.

कोचला साधी नोटीसही आली नाही. आजही त्याच मैदानावर शिट्टी घेऊन उभा असतो.

शिक्षा नकोच असं मी म्हणत नाही. पण ऑलिंपिकच्या खेळाडूमागे डॉक्टर असतो, फिजिओ असतो, वकील असतो. त्याला जे माप लावता तेच पहिल्या वर्षाच्या पोराला? वाडाच्या, म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या, संहितेत सोळाच्या आतल्यांना 'संरक्षित' धरतात, बऱ्याच जणांना अठरापर्यंत. अठरा पूर्ण झाले की संपलं. इकडे आंतरविद्यापीठ स्पर्धेला पंचविशीची अट. चार वर्षं म्हणजे त्याचं कॉलेजचं सगळं खेळणंच गेलं. आजन्म बंदी मागणाऱ्यांनी हा हिशोब एकदा मांडून बघावा.

लेन आठ

तुमच्या भावाबद्दल वाईट वाटलं, मनापासून. आता माझं ऐका.

मी ८०० मीटर पळायचे. शेवटच्या वर्षी आंतरविद्यापीठ फायनलला चौथी आले. तिसरी आलेली मुलगी शेवटच्या शंभर मीटरला माझ्या बाजूनं अशी निघून गेली की मला वाटलं मीच थांबले. दीड वर्षानं कळलं, ती पॉझिटिव्ह होती. कांस्यपदक कुरिअरनं आलं. बबलरॅपमध्ये गुंडाळलेलं, सोबत पत्राची एक ओळ. ज्या नोकरीला पहिल्या तिघींत असणं लागत होतं तिची भरती तोवर होऊन गेली होती आणि माझं वय उलटलं होतं. पोडियमवर उभी राहिले नाही, तो फोटो नाही. आईनं ते पदक देवापाशी ठेवलंय, मी त्याला हात लावत नाही.

तिच्या कोचनं दिलं असेल, तिला माहीत नसेल, सगळं मान्य. पण माझं जे गेलं ते कुठल्या कलमात भरून मिळतं? तिची बंदी कधीतरी संपते. माझी चौथी जागा संपत नाही.

माजी मास्तर

कॉलेजात तीस वर्षं क्रीडा विभाग सांभाळला, म्हणून लिहितो.

भीती लागते, थोरले. २०२३ च्या सप्टेंबरात दिल्लीच्या राज्य ॲथलेटिक्स स्पर्धेत काय झालं आठवतं? नाडाची माणसं आल्याचं कळलं आणि पुरुषांच्या शंभर मीटर फायनलला एकटाच पठ्ठ्या धावला. बाकीचे सात गायब. स्टीपलचेसची (अडथळ्यांच्या लांब शर्यतीची) एक मुलगी शर्यत संपल्यावरही पळत राहिली, मागे तपासणीवाले. स्वच्छतागृहात सिरिंज सापडल्या. ही सगळी पोरं फसवलेली होती? फसवलेला पळत नाही, त्याला पळायचं कारणच नसतं.

२०२४ चे वाडाचे आकडे बघा. भारतात ७,११३ नमुने, २६० पॉझिटिव्ह. शेकडा साडेतीनच्या वर. इतक्या मोठ्या प्रमाणात चाचण्या करणाऱ्या देशांत आपण सगळ्यात वर. अशा वेळी शिक्षा सैल करायची?

थोरला

सर, दिल्लीत सात जण पळाले हे खरं. सातही जणांच्या कोचांपैकी कुणाचं काय झालं ते सांगता का? तुम्ही तीस वर्षं विभाग सांभाळलात. तुमच्या मैदानावर कधी कुणाच्या बॅगेत सिरिंज दिसली नाही?

माजी मास्तर

हा प्रश्न मला विचारायचा तुम्हाला अधिकार नाही.

फार्मसीवाला

मास्तर, तापू नका. मी औषधं विकतो, काउंटरवरून रोज काय दिसतं ते सांगतो. खोकल्याच्या कितीतरी सिरपमध्ये टर्ब्युटालिन असतं. ते वाडाच्या यादीत बाराही महिने बंदी असलेलं आहे. गिऱ्हाईक खोकतच येतं, "एक बाटली द्या" म्हणतं, घेऊन जातं. आम्ही 'तू पळतोस का रे' म्हणून विचारत नाही. विचारायला हवं. लेबलवर खेळाडूंसाठी एक ओळ छापली तर कुणाचं काय बिघडतं? डब्यातल्या प्रोटीन पावडरींचं तर बोलायलाच नको, आत काय भरलंय ते भरणाऱ्यालाच ठाऊक. आणि याच टर्ब्युटालिनमध्ये क्रिकेटपटू पृथ्वी शॉ सापडला होता. त्याचं पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

चढाई

बरं झालं नाव काढलंत. मी कबड्डीची. २२ फेब्रुवारी २०१९ ला इंदूरला मुश्ताक अली स्पर्धेत त्याचा नमुना घेतला. जुलैच्या शेवटी निकाल : आठ महिने. तेही मागच्या तारखेपासून, १६ मार्च ते १५ नोव्हेंबर. म्हणजे निकाल कळला तेव्हा निम्मी शिक्षा भोगून झालेली! आणि त्या 'बंदीच्या' काळात तो आयपीएल खेळत होता. ३० मार्चला कोलकात्याविरुद्ध ९९ केले. १७ नोव्हेंबरला मुंबईकडून परत मैदानात, ६३ धावा. आमच्याकडची पोरगी अशी सापडली असती तर?

लेगस्पिन

अर्धवट माहितीवर बोलू नका. टर्ब्युटालिन 'विशिष्ट' पदार्थांत मोडतं. हेतू नव्हता असं धरलं तर जास्तीत जास्त दोन वर्षं, आणि चूक किरकोळ ठरली तर नुसत्या समजेवरही सुटता येतं. हे सगळ्या खेळांना आहे. शॉ एकोणीस वर्षांचा होता, खोकल्याचं औषध प्यायला. धागाकर्त्याला नेमकी हीच दया हवी आहे ना? मग क्रिकेटपटूला मिळाली की पोटात का दुखतं?

चढाई

पोटात दुखतंय कारण त्याला ती बीसीसीआयनं दिली, स्वतःच्या घरात बसून. तेव्हा बोर्ड नाडाखाली नव्हतं, ऑगस्टमध्ये आलं. आणि मागची तारीख धरायची तर मधले निकालही बाद व्हायला हवेत. आमच्यात नमुना दिल्यापासूनची पदकं परत घेतात. ९९ धावा कुणी परत घेतल्या?

लेगस्पिन

क्रिकेटवर राग काढायचा तर वेगळा धागा काढा. प्रत्येक विषय 'क्रिकेटला मिळतं, आम्हाला मिळत नाही' इथंच आणायचा. तुमच्या खेळाची प्रो कबड्डी झाली, पैसा आला, आता तरी हे रडगाणं थांबवा.

चढाई

प्रो कबड्डी मुलांची आहे. मुलींना त्यातलं काय मिळालं ते माहीत नसेल तर बोलू नका. नमुना देणं म्हणजे काय ते तरी माहीत आहे का तुम्हाला? मॅच संपली की एक बाई सावलीसारखी मागे लागते. संडासात ती समोर उभी, टीशर्ट छातीपर्यंत वर, पँट गुडघ्याखाली, आणि नव्वद मिलिलिटर भरेपर्यंत बाहेर येता येत नाही. पहिल्यांदा मला अडीच तास लागले. अठरा वर्षांची होते, पाळी चालू होती. पाणी पिऊन पिऊन नमुना पातळ झाला तर पुन्हा द्यायचा. कुणी आधी सांगितलंच नव्हतं हे असं असतं म्हणून. बाहेर संघाची बस हॉर्न वाजवत होती. आम्ही हे निमूट करतो. मग नियम सगळ्यांना एकच हवा एवढं म्हटलं तर रडगाणं?

लेगस्पिन

हे माहीत नव्हतं. रडगाणं हा शब्द मागे घेतो. निकाल बाद व्हायला हवे होते हेही मान्य. शॉला माफी मिळाली हे मात्र अजून योग्यच वाटतं.

परदेशस्थ

जरा बाहेरचं सांगतो. अमेरिकेतले कॉलेज खेळ चालवणारी संघटना एनसीएए वाडाला बांधील नाही. तिथं कामगिरी वाढवणाऱ्या औषधात पहिल्यांदा सापडला तर एक वर्षाची पात्रता जाते. चार नाही. गांजाला २०२४ मध्ये पहिल्या, म्हणजे सगळ्यात वरच्या, विभागाच्या यादीतूनच काढलं, कारण त्यानं कुणी जास्त जोरात पळत नाही. म्हणजे विद्यार्थी-खेळाडूसाठी वेगळं माप ठेवता येतं.

लेन आठ

आणि त्यानं तिथं न्याय होतो? २०१८ च्या डिसेंबरात क्लेमसन विद्यापीठाचे तीन अमेरिकन फुटबॉलवाले ऑस्टरिन या स्नायू वाढवणाऱ्या बंदीच्या औषधात सापडले. दोघांचा पुढचा जवळपास अख्खा हंगाम गेला. तिसरा डेक्स्टर लॉरेन्स, तो काही महिन्यांत पहिल्याच फेरीत सतराव्या क्रमांकावर एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये निवडला गेला. एकच पदार्थ, एकच संघ. ज्याच्यासाठी पुढचं दार उघडं होतं त्याला ती वर्षभराची शिक्षा लागलीच नाही. एक वर्ष काय नि चार काय, पुढं जागा नाही त्यालाच ती पुरती भोगावी लागते.

परदेशस्थ

हा मुद्दा माझ्या विरोधात जातो, पण बरोबर आहे.

थोरला

शॉवरून तुम्ही निम्मा धागा खाल्लात. लेन आठताई आत्ता जे म्हणाल्या ते माझंच म्हणणं आहे. भाऊ सध्या गावी ट्रॅक्टर चालवतो. बंदीत सरकारी अकादमीच्या जिममध्येही जाता येत नाही. अंगणात गोळा पडलेला असतो, त्याच्यावर आई कपडे वाळवायची दोरी बांधते.

आणि मास्तर, २०११ चं आठवा. अश्विनी अकुंजी आणि इतर ४०० मीटरवाल्या सापडल्या. परदेशी कोचनं दिलेल्या जिनसेंगमधून आलं असं त्या सांगत होत्या. आधी एक वर्ष, मग क्रीडा लवादानं दोन केली. कोचला तेव्हा काढलं, आणि काही वर्षांनी तोच माणूस राष्ट्रीय शिबिरात परत आला. मुलींचं ऐन उमेदीचं ऑलिंपिक गेलं ते गेलं.

माजी मास्तर

ते आठवतं. काल चिडलो, त्याचं कारण सांगतो. दिसली होती सिरिंज, एकदा. आमच्याच वेटलिफ्टिंग हॉलच्या मागं. मी मुलांना रांगेत उभं करून झापलं. त्यांच्या प्रशिक्षकाला बाजूला घेऊन काही विचारलं नाही. तो विद्यापीठाला पदकं आणून देत होता.

तरी शिक्षा कमी करू नये या मतावर मी ठाम आहे. पण एक गोष्ट तुम्ही कुणीच लिहिली नाही. संहितेत सोय आहे : खेळाडूनं औषध देणाऱ्याचं नाव आणि पुरावा दिला, त्यावरून दुसऱ्यावर कारवाई झाली, तर त्याची तीन चतुर्थांशापर्यंत बंदी स्थगित होऊ शकते. औषध देणाऱ्या कोचला चार वर्षांपासून आजन्मपर्यंत बंदी आहे. कलम आहे. तुमच्या भावानं नाव का दिलं नाही?

थोरला

मी तेव्हा विचारलं होतं. तो म्हणाला, "दादा, खोलीत माझ्यासोबत अजून तिघं आहेत. मी नाव घेतलं तर त्यांची निवड होईल का?" अँप्यूल फेकून दिलेली. पुरावा म्हणून होता फक्त त्याचा शब्द. आणि ते तिघं त्याच्या बाजूनं बोलले नसते, हे त्यालाही ठाऊक होतं.

लेन आठ

माझ्या हीटमधल्या सगळ्यांना माहीत होतं ती काय घेते ते. मलाही. मी स्पर्धेआधी कुणाला सांगितलं नाही. तिचा आणि माझा कोच एकच होता.