चुलीची दोरी कुणाच्या हाती?

डिचोलीची सून
गोव्यातल्या आमच्या घरी चवथीच्या रात्री आरती चालू असताना दीराचा व्हिडिओ कॉल आला. तो भूमध्य समुद्रात एका जहाजावर कुक आहे. मोबाईल मखरासमोर धरला, त्याने तिथूनच हात जोडले. घरातले सगळे म्हणाले, जग किती जवळ आलं! मला मात्र अंगणातला ट्रक आठवला.

आमचा टिपर ट्रक लोहखनिजाच्या खाणीवर चालायचा. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी थांबल्या. आपल्याकडची लाल माती शेवटी जाते कुठे, याचा तोवर मी कधी विचारच केला नव्हता. ट्रकने धक्क्यावर, बार्जने नदीतून मुरगाव बंदरात, तिथून मोठ्या जहाजाने पूर्वी जपानला आणि नंतर बहुतेक चीनला. आमचं खनिज हलक्या प्रतीचं, इथल्या पोलाद कारखान्यांना फारसं नको असलेलं. चीनमध्ये बांधकामं जोरात होती म्हणून त्याला गिऱ्हाईक. 2015 मध्ये खाणी पुन्हा सुरू झाल्या, तर तोवर चीनची मागणी मंदावून जगभर भाव कोसळलेले. परवानगी होती, फेऱ्या नव्हत्या. मार्च 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने परत बंद. हप्ते मात्र चालूच. पावसाळ्यात चाकांभोवती एवढं गवत वाढायचं की टायर दिसेनासे होत. सासरे रोज सकाळी काचेवर पडलेली फणसाची पानं झाडायचे. ट्रक विकला त्या दिवशीही झाडली.

आपण जगाशी जोडले गेलो खरे, पण दोरीचं दुसरं टोक आपल्या हातात नाही. आमच्या चुलीवर काय शिजणार हे ज्यांच्यामुळे ठरलं, त्यांना डिचोली हे नावही ठाऊक नसेल.

तारवटी
वहिनी, मीही तुमच्या दीरासारखा जहाजावर काम करतो. ट्रकचं वाचून वाईट वाटलं. मत मात्र पटलं नाही. दोरी आधी तरी आपल्या हातात कधी होती? माझे आजोबा मुंडकार. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत मातीचं घर, आणि दारात पडलेला नारळ उचलायचा तरी त्याला विचारून. भाटकार आम्हाला नावानिशी ओळखायचा, म्हणून त्याचा जाच कमी नव्हता. मुंडकारांसाठी कायदा आला, पण घरावर पक्कं छप्पर चढलं ते बाबांच्या जहाजावरच्या पगाराने. (पगार हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडून आलेला.)

मला न पाहिलेल्या मालकाचा लेखी करार परवडतो. महिने ठरलेले, रक्कम ठरलेली, नाही पटलं तर पुढच्या वेळी दुसरं जहाज. त्याची किंमतही मोजली आहे. 2020 च्या टाळेबंदीत बंदर समोर दिसत होतं आणि उतरता येत नव्हतं. बाबांचं बारावं मी केबिनमध्ये फोनच्या पडद्यावर पाहिलं, तेही मध्येच तुटलं. तरी उद्या मुलाने विचारलं तर त्याला जा म्हणेन.

पेडण्याची शिक्षिका
बाहेरून येणाऱ्या गोष्टींची एवढी धास्ती का घ्यावी? चवथीला गणपतीच्या वर फळं-फुलं टांगून सजवतो ती आपली माटोळीच बघा. कांगण्या, कवंडळं, माट्टीची फळं आपल्या रानातली. त्यांच्या शेजारी टांगलेले अननस, पेरू, सीताफळ हे सगळे मूळ अमेरिका खंडातले, समुद्रावरून आलेले. माझ्या आजीने अननस बांधताना त्याचं गाव कधी विचारलं नाही.

सत्तरी तालुक्यातला बागायतदार
बाई, अननसाला इथे रुजायला शेकडो वर्षं मिळाली. आम्हाला एक हंगामही मिळत नाही.

काजूचंच घ्या. झाड ब्राझीलचं, पोर्तुगीजांनी आणलं, आता आमचे डोंगर त्याच्यावर उभे आहेत. त्याच्या बोंडूची फेणी इतकी इथली झाली की 2009 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण आता आफ्रिकेतून कच्ची बी येते, इथे फुटते आणि किनाऱ्यावरच्या दुकानात गोव्याचा काजू म्हणून विकली जाते. 2023 मध्ये काजूगरालाही मानांकन मिळालं ते बरंच झालं, पण गिऱ्हाईक पाकिटावर ते शोधत नाही. एप्रिलात पहाटेपासून बिया वेचून माझ्या बायकोची कंबर धरते, आणि पोतं काट्यावर ठेवलं की व्यापारी सांगतो, बाहेरचा माल स्वस्तात आलाय. सरकारची आधारभूत किंमत आहे म्हणून निभावतं.

आणि ताई, एक स्पष्ट बोलतो. खाणी चालू होत्या तेव्हा पावसात डंपवरची, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या ढिगांवरची, लाल माती खालच्या शेतांत उतरायची. त्या वर्षांत भाताचं काय झालं, हेही या हिशेबात धरा.

डिचोलीची सून
धरते. आमच्याच वाड्यावरची दोन शेतं अशी बुजली. आमचा ट्रक चालू होता, म्हणून तेव्हा आम्ही काही बोललो नाही. ते चुकलंच.

तारवटी दादा, भाटकाराचं तुमचं म्हणणंही मान्य. सासऱ्यांचे वडीलही मुंडकारच. ट्रक दारात आला तेव्हा सासू रडली होती, आनंदाने. पण तुम्हाला जहाज बदलता येतं. आम्ही गिऱ्हाईक कुठून बदलणार होतो? त्या मातीला दुसरं कुणी विचारतच नव्हतं, आणि अख्ख्या तालुक्याने, ट्रकवाल्यांपासून गॅरेज आणि खानावळीपर्यंत, तिच्यावरच कर्ज काढलं होतं. जोडलं जाण्याला माझा विरोध नाही. एकाच गिऱ्हाईकावर एवढी घरं उभी करायला आहे.

दीर डिसेंबरात येतोय. आल्यावर पुढचा करार करायचा की गावात काही सुरू करायचं, यावर घरात वाद चालू आहे. मी अजून कुठल्याच बाजूने बोललेले नाही.