ड्युटीवर मृत्यू झाल्यास मरणोत्तर शौर्य पदक: प्रस्ताव कोण करतं, कुठे अडतो?

सातारी_माणूस:
नाकाबंदीत किंवा आरोपी पकडताना पोलिसाचा जीव गेला तर शौर्य पदक आपोआप मिळतं का? की घरच्यांनी अर्ज करायचा? 'शहीद' दर्जा कोण देतं? आणि पूर्वी 'राष्ट्रपती पोलीस शौर्य पदक' वाचायचो, आता यादीत 'पोलीस' शब्दच दिसत नाही. पदक बदललं का?

कागदी_घोडा:
शेवटचं आधी. २०२३ मध्ये पोलीस, अग्निशमन वगैरेंची १६ पदकं एकत्र करून चार केली. शौर्याची त्यांत दोन: राष्ट्रपती शौर्य पदक आणि शौर्य पदक. २६ जानेवारी २०२४ पासून याद्या याच नावांनी येतात. जुन्या पोलीस पदकांची सुरुवात १ मार्च १९५१ ची.

आपोआप काहीच मिळत नाही. जीव किंवा मालमत्ता वाचवताना, गुन्हा रोखताना किंवा गुन्हेगार पकडताना केलेलं ठळक शौर्य, हा निकष. धोका मोजताना त्या माणसाचं नेमून दिलेलं कर्तव्य काय होतं तेही पाहतात. म्हणून भूसुरुंगाने गाडी उडून मृत्यू झाला तर भरपाई आणि अनुकंपा नोकरीचा मार्ग असतो, पण पदकासाठी दाखवायला स्वतंत्र कृती नसते. ऐकायला निष्ठुर वाटतं, पण फाइल तिथेच थांबते.

प्रस्ताव घटकप्रमुखाकडून, म्हणजे अधीक्षक किंवा आयुक्तांकडून निघतो. पुढे महासंचालक कार्यालय, राज्याचा गृह विभाग, केंद्रीय गृह मंत्रालय. घोषणा २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला. कुटुंबाने अर्ज करायची पद्धत नाही. अधीक्षकांना पत्र देऊन प्रस्ताव गेला का, हे विचारता येतं. ते जरूर विचारावं.

मुद्देमाल:
फाइल पडते ती मजकुरामुळे. शौर्यवृत्तात, म्हणजे प्रस्तावासोबतच्या घटनेच्या वर्णनात, 'प्राणांची पर्वा न करता' पाच वेळा येतं; कोण कुठे उभा होता, अंतर किती, हातात काय होतं, समोरच्याकडे काय, हे कुठेच नसतं. तुकाराम ओंबळेंचं उदाहरण घ्या. २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र, गिरगाव चौपाटीची नाकाबंदी, हातात लाठी. त्यांनी कसाबची एके-४७ धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, आणि आरोपी जिवंत सापडला. अशी कृती दोन ओळींत उभी राहते. अशोक चक्र दोन महिन्यांत, २६ जानेवारी २००९ ला जाहीर झालं.

पहिल्या दोन-तीन दिवसांत जमवायचं ते: एफआयआर, स्टेशन डायरी, कंट्रोल रूमच्या वायरलेस संदेशांची नोंद, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, साक्षीदारांचे जबाब. सीसीटीव्ही सर्वांत आधी, डीव्हीआरवर (कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरवर) जुनं चित्रण पुसलं जातं. एफआयआरमध्ये नुसतं 'झटापटीत मयत' लिहिलं आणि वृत्तात 'सहकाऱ्याला मागे ढकलून स्वतः पुढे झाले' आलं, की शंका येणारच. आणि एफआयआरमध्ये नाव नसलेले साहेब पदकाच्या यादीत घुसवू नयेत. त्यात खऱ्या माणसाची फाइलही मागे पडते.

नायगाव_परेड:
एक भर. त्याच चकमकीत समोरचाही मेला असेल तर दंडाधिकारीय चौकशी लागते. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ च्या निकालात (पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र) सांगितलंय की चकमकीनंतर लगेच शौर्य पुरस्कार देऊ नयेत, शौर्य निःसंशय सिद्ध झाल्यावरच शिफारस करावी. तेव्हा उशीर झाला म्हणजे कुणी फाइल दाबली असं नाही.

'शहीद' हा दर्जा म्हणून कायद्यात नाही. केंद्राने संसदेतही सांगितलंय की अशी अधिकृत व्याख्या नाही. २१ ऑक्टोबरच्या पोलीस स्मृतिदिन परेडला नावं वाचतात, ती आदल्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून ३१ ऑगस्टपर्यंत कर्तव्यावर गेलेल्यांची. त्या यादीत यायला पदक लागत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय पोलीस स्मारकाच्या भिंतीवर ३४ हजारांहून अधिक नावं आहेत, बहुतेकांना शौर्य पदक नाही.

सातारी_माणूस:
आणि पुरात लोकांना काढताना गेला तर? त्याला जीवन रक्षा पदक ना?

मुद्देमाल:
बंदोबस्तावर असेल तर नाही. पोलिसाला जीवन रक्षा पदक कर्तव्याबाहेरच्या कृतीसाठीच मिळतं: सुट्टीवर, नदीकाठी गेला आणि बुडणाऱ्याला काढलं, असं. ड्युटीवर असताना 'जीव वाचवणं' शौर्य पदकाच्या निकषातच येतं, त्यामुळे तोच प्रस्ताव करावा. चुकीच्या पदकासाठी पाठवलेली फाइल परत येते, आणि तोवर साक्षीदारांची बदली झालेली असते.