अर्जंट : बिग साइटचं तिकीट मिळत नाहीये, मदत हवी आहे

वैतागलेली_आई
शनिवारी जायचंय आणि बिग साइटचं सकाळचं तिकीट काही मिळत नाहीये. लेकीनं दोन महिने खपून ड्रेस शिवलाय, हिरव्या-काळ्या चौकड्यांचा. सोबत तलवार. घरूनच तयार होऊन निघणार म्हणते. चालतं का? मला यातलं ओ की ठो कळत नाही. "गूगल करा" सांगू नका, करून झालंय.

पेठेतला_पक्या
कुठली साइट? लिंक द्या. मोठ्या साइटवर ऐनवेळी लोड येतोच. ब्राउझरची कॅश साफ करा, नाहीतर दुसरा ब्राउझर वापरा, पैसे कापले गेले तर स्क्रीनशॉट ठेवा.

दादरची_सुमा
मुंबईचं कॉमिक कॉन ना? माझा भाचा मागे घरूनच नटून लोकलनं गेला होता. कुणी हूं की चूं केलं नाही, उलट दोघांनी सेल्फी काढले. बिनधास्त जाऊ दे गं.

वैतागलेली_आई
अहो मुंबई नाही, टोक्यो! बिग साइट ही प्रदर्शनं भरतात ती इमारत आहे. आम्ही निशिकसाईत राहतो. लिहायचं राहिलं.

पेठेतला_पक्या
मग तसं लिहा ना. स्क्रीनशॉटचा सल्ला मात्र कायम.

पूर्व_हॉल
म्हणजे ऑगस्टचं कॉमिकेट, हौशी लोकांनी स्वतः काढलेल्या मांगांचा, म्हणजे जपानी चित्रकथांचा बाजार. सुमाताईंचं अजिबात ऐकू नका. तिथे घरून कॉसप्ले करून, म्हणजे एखाद्या पात्राचा वेश घालून यायला आणि तसंच परत जायला सक्त मनाई आहे. स्वच्छतागृहात बदलायचं नाही, कपडे बदलायची खोली असते, तिचे वेगळे पैसे. लेक किती वर्षांची? एकटी जाणार का? आणि तलवार कशाची?

वैतागलेली_आई
पंधरा. मी सोडून परत येणार होते. तलवार तिच्या मामानं सांगलीहून आणली, पत्र्याची आहे. धार नाही.

पूर्व_हॉल
पत्र्याची घरी ठेवा! धार नसली तरी धातूची नकली तलवार तिथे सबळ कारणाशिवाय रस्त्यानं नेणं कायद्यात बसत नाही. फोमची करा, तीही पिशवीत झाकून न्या. लांबीचा नियम आयोजकांच्या पानावर वाचा.

सांगलीकर
मामाचं प्रेम बघा की राव. तलवार कस्टममधून गेली कशी?

जुना_मांगाप्रेमी
यानिमित्तानं थोडा इतिहास. पहिलं कॉमिकेट 21 डिसेंबर 1975 ला टोक्योतल्या तोरानोमोनच्या एका सभागृहात भरलं. टेबलं मांडणारे गट 32 आणि माणसं साधारण 700. 2019 च्या उन्हाळ्यात चार दिवसांत सुमारे 7 लाख 30 हजार! तरी तिथे "ग्राहक" कुणी नसतो, विकणारा, घेणारा, स्वयंसेवक सगळेच "सहभागी". आपल्या साहित्य संमेलनानं...

पेठेतला_पक्या
झालं, आले संमेलनावर. धाग्याचं काश्मीर होऊ देऊ नका.

वैतागलेली_आई
तिकिटाचं कुणी सांगेल का?

पूर्व_हॉल
तिकीट म्हणजे मनगटाचा पट्टा. भल्या सकाळचे आणि सकाळचे सोडतीत जातात, ते आता विसरा. दुपारचा बघा. रांगही कमी.

पहिली_ट्रेन
असहमत. दुपारपर्यंत चांगली पुस्तकं संपतात. मी दरवेळी पहिली ट्रेन पकडतो.

पूर्व_हॉल
तुम्ही पुस्तकं घ्यायला जाता, ही पोर फोटो काढून घ्यायला. पंधरा वर्षांच्या मुलीला ऑगस्टच्या उन्हात डांबरावर तीन तास उभं करणार का?

दादरची_सुमा
मी ऐकलंय तिथे चावट पुस्तकं पण असतात. आई सोबत हवीच!

पूर्व_हॉल
असतात. 18 च्या खालच्यांना विकत नाहीत, शंका आली तर ओळखपत्र मागतात. पण या मुद्द्यावर सुमाताई बरोबर, पहिल्या वेळी सोबत राहा.
निशिकसाईहून बसनं कासाई रिंकाई कोएन, तिथून एक स्टेशन शिनकिबा, मग रिंकाई लाइननं कोकुसाई-तेन्जिजो. पैसे सुटे न्या, 100 आणि 500 ची नाणी, हजाराच्या नोटा. दहा हजाराची नोट काढलीत तर टेबलामागच्या पोराचा चेहरा बघवणार नाही.
एक गंमत सांगतो. टेबलापुढच्या रांगेतल्या शेवटच्या माणसाच्या हातात "साइकोबी" म्हणजे शेपूट, अशी पाटी असते. तुम्ही मागे उभ्या राहिलात की तो न बोलता पाटी तुमच्या हातात देतो. पुढचा आला की तुम्ही त्याला द्यायची. मी पहिल्यांदा ती घेऊन टेबलापर्यंत गेलो होतो आणि मागे सगळे गोंधळले होते.

सांगलीकर
ही पाटी पंढरपुरात पाहिजे.

वैतागलेली_आई
दुपारचे दोन पट्टे मिळाले! आभार. मामाला तलवारीचं अजून सांगितलेलं नाही. लेक म्हणते, आत माझ्याशेजारी चालू नकोस, बाहेर भेटू. कुठे थांबू?

पूर्व_हॉल
जमिनीत घुसलेली प्रचंड लाल मुठीची करवत आहे, शिल्प आहे ते. तिथे. चुकणं अशक्य.

वैतागलेली_आई
सावली आहे का? छत्री आणू?

पहिली_ट्रेन
गर्दीत छत्री नको, डोळ्यात जाते. टोपी आणा.

जुना_मांगाप्रेमी
बिग साइटची इमारत 1996 ला खुली झाली बरं का.